जॉर्जिया की युक्रेन: भ्रष्टाचार कुणी जास्त आवरला, हे ठरवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. लोकप्रशासनाच्या एम.ए.साठी तुम्ही प्रबंध लिहिताय. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या जॉर्जिया आणि युक्रेन या दोन देशांनी २००३ ते २०२३ या काळात सरकारी भ्रष्टाचार किती आवरला, हा विषय. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या सीपीआय या भ्रष्टाचार-निर्देशांकाचे (गुण जास्त तितका देश स्वच्छ) आकडे तुम्ही एक्सेलमध्ये घेतलेत. जॉर्जिया २००३ मध्ये १.८ वर होता, २०२३ मध्ये ५३ वर. युक्रेन २.३ वरून ३६ वर. भागाकार केल्यावर जॉर्जिया जवळजवळ तीसपट सुधारलेला दिसतो, युक्रेन त्याच्या निम्म्याने. मार्गदर्शकांनी 'तुलना ग्राह्य नाही' एवढाच शेरा मारला आणि कारण सांगितलं नाही. शिवाय तुमचा चुलतभाऊ युक्रेनमध्ये एमबीबीएस करत होता, २०२२ साली युद्धामुळे परतला आणि आता जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीत शिकतोय. तो म्हणतो, 'इथे कुणी पैसे मागत नाही, तिथे मागायचे.' हा पुरावा धरायचा का, असंही तुम्ही विचारलंय.

मी शासनकारभाराच्या मूल्यमापनाचं काम करते. दोन देश किंवा दोन राज्यं शेजारी ठेवून 'कोण पुढे' सांगा, अशी मागणी माझ्याकडे सतत येते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण प्रबंधाचा पायाच यावर उभा आहे.

शेऱ्याचं कारण साधं आहे. सीपीआय २०११ पर्यंत ० ते १० या मापात निघायचा. २०१२ पासून तो ० ते १०० या मापात निघतो. नुसतं दहाने गुणून भागत नाही, कारण त्या वर्षी मोजण्याची पद्धतही बदलली. आधी देशांचा एकमेकांच्या तुलनेतला क्रम हा त्या गणिताचा मुख्य आधार होता. म्हणून २०१२ आधीचे गुण आणि नंतरचे गुण एका रेषेत जोडू नका, असं खुद्द ती संस्थाच सांगते. तुमची वीस वर्षांची रेघ मधोमध तुटलेली आहे. दुसरं म्हणजे हे माप पटीत वाचायचं नसतंच. ६० गुणांचा देश ३० गुणांच्या देशापेक्षा दुप्पट स्वच्छ, या विधानाला काहीच अर्थ नाही.

गुण नकोत तर क्रमांक घेऊ, असं बहुतेकांना सुचतं. तेही करू नका. २००३ मध्ये युक्रेन १०६ वा होता, २०२३ मध्ये १०४ वा. वीस वर्षांत दोन पायऱ्या, म्हणजे काहीच झालं नाही असं वाटेल. पण २००३ च्या यादीत १३३ देश होते आणि २०२३ च्या यादीत १८०. क्रमांक हा तुमच्यापेक्षा तुमच्या शेजाऱ्यांवर जास्त अवलंबून असतो.

मग २०१२ पासूनचेच आकडे घेतले तर? इथे खरी गंमत सुरू होते, आणि माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभाही इथेच आहे. जॉर्जिया २०१२ मध्ये ५२ वर, २०१८ मध्ये ५८ वर आणि २०२३ मध्ये पुन्हा ५३ वर. युक्रेन २०१२ मध्ये २६ वर, २०१३ मध्ये २५ वर आणि २०२३ मध्ये ३६ वर. म्हणजे २००३ पासून बघितलं तर जॉर्जिया हा जगातल्या सगळ्यात ठळक सुधारणांपैकी एक, आणि २०१२ पासून बघितलं तर तो जागच्या जागी, उलट युक्रेन दहा-अकरा गुणांनी वर. देश तेच आणि निर्देशांकही तोच, फक्त सुरुवातीचं वर्ष बदललं आणि 'विजेता' बदलला. सुरुवातीचं वर्ष तुम्ही का निवडलं, याचं उत्तर प्रबंधात नसेल तर कुठलाही परीक्षक तुम्हाला तिथेच धरेल.

तेव्हा 'कोण पुढे' हा प्रश्न निदान तीन प्रश्नांत फोडावा लागतो. कोण वर आहे? कोण वर चढतोय? आणि कुठल्या प्रकारच्या भ्रष्टाचाराबद्दल आपण बोलतोय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: २०२३ मध्ये जॉर्जिया स्पष्टपणे वर. दुसऱ्याचं उत्तर काळावर अवलंबून. तिसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, आणि मी कामाला लागते ती तिथूनच.

माझी पद्धत अशी. निर्देशांक उघडण्याआधी मी एक कोरा तक्ता करते. डावीकडे सरकारशी माणसाचा जिथे जिथे संबंध येतो त्या जागा: रस्त्यावरचा वाहतूक पोलिस, जमिनीची नोंद, गाडीची नोंदणी, कॉलेजचा प्रवेश, कस्टम, टेंडर, कोर्ट, आणि शेवटी मंत्री आणि पक्षाचा पैसा. वर वर्षं. प्रत्येक चौकटीत एवढंच लिहायचं की त्या वर्षी तिथे कायदा, पगार, कागदाचा प्रवास किंवा माणसं यांपैकी काय बदललं. तक्ता भरला की निर्देशांकाची रेघ वर-खाली का झाली हे कळायला लागतं. उलट क्रमाने गेलं, म्हणजे आधी रेघ बघितली, तर माणूस रेघेला शोभतील अशी कारणं गोळा करत बसतो.

जॉर्जियाचा तक्ता भरला की २००४ ते २००६ या चौकटी अगदी गच्च होतात. नोव्हेंबर २००३ मध्ये निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हाचे अध्यक्ष शेवर्दनाद्झे यांनी राजीनामा दिला आणि जानेवारी २००४ च्या निवडणुकीत मिखाइल साकाश्विली अध्यक्ष झाले. त्यांच्या सरकारने जुना वाहतूक पोलिस विभाग पूर्ण बरखास्त केला. सुमारे १६ हजार माणसं घरी गेली. नवी भरती, नवा गणवेश, कितीतरी पटींनी जास्त पगार, आणि लाच घेताना सापडला तर थेट अटक. परवाने आणि दाखल्यांची संख्या मोठ्या प्रमाणात कापली, कारण जो दाखला लागतच नाही त्याच्यासाठी कुणी चिरीमिरी मागू शकत नाही. २००५ च्या करसंहितेने करांची संख्या २१ वरून ७ वर आणली.

पण मला जॉर्जियातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो तो विद्यापीठ प्रवेशाचा. २००५ आधी प्रत्येक विद्यापीठ आपापली प्रवेश परीक्षा घ्यायचं. परीक्षा घेणारे प्राध्यापकच खाजगी शिकवणी घ्यायचे, आणि मोठ्या अभ्यासक्रमांच्या जागांचे दर जवळपास ठरलेले असायचे. सरकारने सगळ्यांसाठी एकच राष्ट्रीय परीक्षा आणली. प्रश्नपत्रिका देशाबाहेर, इंग्लंडमध्ये छापल्या आणि कडक पहाऱ्यात आणल्या. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बारकोड. परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे, आणि बाहेर थांबलेल्या आईवडिलांना आत काय चाललंय ते पडद्यावर दिसेल अशी सोय. पेपरफुटी आपल्याला नवी नाही, त्यामुळे यातल्या प्रत्येक पायरीमागचा विचार मराठी वाचकाला चटकन कळेल. छापखाना, वाहतूक, तपासनीस आणि पर्यवेक्षक अशा ज्या ज्या ठिकाणी कागदाला हात लागतो, तिथला मोह किंवा संधी काढून घेतली. आणि पालकांच्या डोळ्यांसमोर परीक्षा घेतल्यामुळे 'बदललंय' हा विश्वास पहिल्याच वर्षी बसला. हा विश्वास महत्त्वाचा, कारण समोरचा पैसे घेणारच असं वाटत असेल तर लोक न मागताही पाकीट पुढे करतात.

आता याच तक्त्यात खाली, कोर्टाच्या आणि मंत्र्यांच्या ओळींवर या. तिथे चित्र वेगळं आहे. साकाश्विलींच्या काळात सत्ता मूठभर लोकांच्या हाती एकवटली होती, म्हणूनच एवढं वेगाने काम झालं. पण फौजदारी खटल्यात आरोपी निर्दोष सुटणं जवळपास बंद झालं. अटक झालेल्या जुन्या अधिकाऱ्यांकडून आणि धनिकांकडून पैसे भरून घेऊन तडजोडी झाल्या. सरकारी वकील म्हणेल ते कोर्ट मान्य करतंय, अशी टीका तेव्हाही होत होती. २०१२ च्या निवडणुकीत 'जॉर्जियन ड्रीम' पक्ष आला. त्याचे संस्थापक बिद्झिना इवानिश्विली देशातले सगळ्यात श्रीमंत माणूस. ते २०१३ च्या अखेरीपर्यंत पंतप्रधान होते. पद सोडल्यावरही सरकारवर त्यांचाच पगडा आहे, असं देशातले आणि बाहेरचे निरीक्षक वर्षानुवर्षं सांगत आलेत. काउंटरवर लाच परत आली नाही, हे मोठंच यश आहे. पण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला जाब विचारणारी यंत्रणा जॉर्जियाने उभीच केली नाही. भ्रष्टाचारविरोधी ब्युरो आला तो २०२२ च्या कायद्याने. त्याला तपासाचे अधिकार नव्हते आणि त्याचा प्रमुख पंतप्रधान नेमायचे. २०२४ मध्ये परकीय निधी घेणाऱ्या संस्थांविरुद्ध कायदा आला, आणि भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचंच काम अवघड झालं.

थोडक्यात, जॉर्जियाने खालचा भ्रष्टाचार वरून हुकूम देऊन संपवला. वरच्या भ्रष्टाचाराला हुकूम देणारा कुणी नव्हता.

युक्रेनचा तक्ता याच्या जवळपास उलटा भरतो. २००४ च्या ऑरेंज क्रांतीनंतरच्या, म्हणजे निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्धच्या जनआंदोलनानंतरच्या चौकटी बऱ्याचशा रिकाम्या राहतात. घोषणा झाल्या, पण पोलिस, कोर्ट आणि कस्टम होते तसेच राहिले. २०१० मध्ये व्हिक्टर यानुकोविच अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते देश सोडून पळाले, तेव्हा कीव्हजवळचा त्यांचा मेझिहिर्या हा आलिशान बंगला लोकांना प्रथमच आतून दिसला. खऱ्या चौकटी भरायला लागतात त्या यानंतर. २०१५ मध्ये नाबू हा भ्रष्टाचार तपासाचा स्वतंत्र ब्युरो आणि त्याच्यासाठी वेगळं सरकारी वकिलांचं कार्यालय सुरू झालं. २०१६ च्या शरद ऋतूत अधिकाऱ्यांना आणि खासदारांना आपली मालमत्ता ऑनलाइन जाहीर करावी लागली. नाबू खटले दाखल करायचा, पण ते नेहमीच्या कोर्टात अडकून पडायचे. म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यांसाठी वेगळं उच्च न्यायालय सुरू झालं, आणि त्याच्या न्यायाधीशांच्या निवडीत परदेशी तज्ज्ञांना नकाराधिकार देण्यात आला. नाणेनिधीच्या आणि युरोपीय संघाच्या दबावाशिवाय हे झालं नसतं, हे स्वच्छपणे लिहा.

सरकारी खरेदीसाठी त्यांनी प्रोझोरो ही प्रणाली आणली. २०१५ मध्ये ती प्रयोग म्हणून सुरू झाली, ऑगस्ट २०१६ पासून सक्तीची झाली. खात्याने टेंडर काढलं की बोली ऑनलाइन लागते आणि तीन फेऱ्यांत किंमत खाली येत जाते. बोली चालू असताना कोण कोण बोलतंय त्यांची नावं झाकलेली असतात. बोली संपली की हरलेल्यांसकट सगळ्यांची कागदपत्रं कुणालाही बघता येतात. हा शेवटचा भाग सगळ्यात कामाचा. हरलेला ठेकेदारच तुमचा फुकटचा लेखापरीक्षक होतो, कारण जिंकणाऱ्याच्या कागदात काय खोट आहे हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. अर्थात एकच बोलीदार येईल अशा अटी घालणं किंवा टेंडरचे तुकडे करून मर्यादेखाली ठेवणं, या युक्त्या तिथेही आहेत.

आणि एक अंड्याची गोष्ट, जी प्रबंधात जरूर घ्या. युद्ध सुरू झाल्यावर संरक्षण खात्याची खरेदी या उघड व्यवस्थेच्या बाहेर गेली. जानेवारी २०२३ मध्ये एका युक्रेनियन पत्रकाराने सैन्याच्या जेवणाच्या कंत्राटाचे दर छापले. एक अंडं १७ रिव्न्याला (रिव्न्या हे युक्रेनचं चलन), तेव्हा कीव्हच्या दुकानात ते ७ च्या आसपास मिळत होतं. काही दिवसांत खरेदी सांभाळणाऱ्या उपमंत्र्यांनी पद सोडलं. सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्रीही बदलले. त्याच वर्षी मे महिन्यात नाबूने सर्वोच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या अध्यक्षांना २७ लाख डॉलरच्या लाचेच्या आरोपावरून पकडलं.

आता सांगा, २०२३ हे वर्ष युक्रेनसाठी वाईट की चांगलं? बातम्या वाचणाऱ्याला वाटेल, केवढा हा बरबटलेला देश. पण एखाद्या देशाचा सरन्यायाधीश त्याच देशाच्या तपाससंस्थेकडून, तेही युद्धाच्या ऐन मध्यात पकडला जाणं, हे नियंत्रण चालू असल्याचं लक्षण आहे. जिथे असं कुणी कधीच सापडत नाही तिथे दोन शक्यता असतात: एक तर भ्रष्टाचार नसतो, किंवा पकडणारंच कुणी नसतं; आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. निर्देशांकाला हे वेगळं करता येत नाही. त्या वर्षी युक्रेनचे गुण ३३ वरून ३६ झाले हे खरं, पण याच्या उलटही घडतं. धाडी वाढल्या की सुरुवातीला लोकांच्या नजरेत देश बिघडलेला दिसतो.

याचं कारण समजून घ्या. सीपीआय लाच मोजत नाही. लाच मोजता येतच नाही, ती कुठल्या वहीत लिहिलेली नसते. तो उद्योजकांची आणि देशतज्ज्ञांची मतं गोळा करतो. एकूण १३ स्रोत आहेत. ज्या देशासाठी त्यांतले किमान तीन उपलब्ध असतील तोच यादीत येतो. स्रोतांची माहिती साधारण मागच्या दोन वर्षांतली असते, म्हणजे २०२३ च्या गुणात २०२२ ची छाया असते. प्रत्येक गुणासोबत त्रुटीची मर्यादाही छापलेली असते, ती बहुतेक जण बघतच नाहीत. एखाद-दुसऱ्या गुणाच्या हालचालीवर परिच्छेद लिहू नका. जॉर्जियाची ५६ वरून ५३ ही घसरणही सावधपणे वाचा. युक्रेनची २५ वरून ३६ ही चाल मात्र इतकी मोठी आहे की ती नुसत्या त्रुटीत विरघळत नाही.

२०१२ आधीचा काळ तुम्हाला हवाच आहे, नाहीतर जॉर्जियाची मुख्य गोष्टच सुटते. त्यासाठी जागतिक बँकेचे शासनकारभाराचे निर्देशांक घ्या. त्यातलं 'भ्रष्टाचारावरील नियंत्रण' हे एक माप १९९६ पासून उपलब्ध आहे, २००२ पासून दरवर्षी. साधारण उणे २.५ ते अधिक २.५ असं ते माप. जॉर्जिया त्यात शून्याच्या बराच खालून शून्याच्या वर आलेला स्पष्ट दिसेल. युक्रेन सगळा काळ शून्याच्या खालीच आहे. पण एक खाच लक्षात ठेवा: २०२४ पर्यंतच्या आवृत्त्यांत या मापात दरवर्षी जगाची सरासरी शून्यावर धरलेली असते. हे वर्गातल्या नंबरासारखं आहे. सगळा वर्ग सुधारला तर तुमचे मार्क वाढूनही नंबर तोच राहतो. म्हणून 'युक्रेन सुधारला नाही' असं म्हणण्याऐवजी 'जगाच्या तुलनेत युक्रेनची जागा फारशी हलली नाही' असं लिहा. दोन्ही देशांच्या रेघांभोवती त्रुटीचे पट्टे काढा. पट्टे एकमेकांवर चढत असतील त्या वर्षी कुणालाही पुढे म्हणू नका. आणि सगळी मालिका एकाच दिवशी, एकाच आवृत्तीतून उतरवून घ्या, कारण नवी आवृत्ती आली की मागच्या वर्षांचे आकडेही सुधारले जातात.

'सीपीआय आणि जागतिक बँक दोघंही तेच म्हणतात, म्हणजे पक्कं झालं' हा युक्तिवाद टाळा. दोघांचे बरेच स्रोत एकच आहेत. एकाच साक्षीदाराला दोनदा बोलावून साक्षी दोन होत नाहीत.

वेगळी साक्ष हवी असेल तर दोन ठिकाणी जा. एक, स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातला, देशोदेशीची लोकशाही मोजणारा व्ही-डेम प्रकल्प. त्यात कार्यकारी सत्ता, सरकारी नोकर, कायदेमंडळ आणि न्यायव्यवस्था यांच्या भ्रष्टाचाराची वेगवेगळी मापं मिळतात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे 'कुठला भ्रष्टाचार' याला, हेच सगळ्यात जवळचं उत्तर आहे. मात्र दिशा तपासा. त्यांच्या एकत्रित निर्देशांकात आकडा वाढला की भ्रष्टाचार वाढला असं वाचायचं, आणि कायदेमंडळ व न्यायव्यवस्थेच्या सुट्या मापांत उलटं. इथे घोळ झाला की अख्खा निष्कर्ष उलटा होतो. दोन, लोकांना प्रत्यक्ष विचारलेले सर्व्हे: गेल्या बारा महिन्यांत अमुक कार्यालयात गेलात का, आणि गेला असाल तर पैसे द्यावे लागले का? ग्लोबल करप्शन बॅरोमीटर हा त्यातला प्रसिद्ध. कंपन्यांसाठी जागतिक बँकेचे एंटरप्राइज सर्व्हे आहेत. मत आणि अनुभव यांतला फरक किती असतो हे बघायचं तर आपल्याकडेच बघा. सीपीआयमध्ये भारत बरीच वर्षं चाळिशीच्या आसपास रेंगाळतोय, आणि २०२० च्या बॅरोमीटरमध्ये सरकारी सेवा घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के भारतीयांनी वर्षभरात लाच दिल्याचं सांगितलं होतं. पहिल्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाजही येत नाही.

तुमची दोन देशांची निवड मात्र उत्तम आहे, कारण त्यांच्यात एक दुर्मीळ प्रयोग आपोआप घडलाय. तोच उपाय, जवळपास तीच माणसं, पण देश वेगळा. २०१५ मध्ये युक्रेनने जॉर्जियाच्या धर्तीवर पोलिस दल बदलायला घेतलं. जॉर्जियात गृहखात्यात काम केलेल्या एकातेरिने झगुलाद्झे युक्रेनच्या गृहखात्यात प्रथम उपमंत्री होत्या, आणि खातिया देकानोइद्झे राष्ट्रीय पोलिस दलाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. जुलै २०१५ मध्ये कीव्हच्या रस्त्यांवर नवे गस्ती पोलिस आले आणि लोकांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं. त्याच वर्षी खुद्द साकाश्विली युक्रेनमधल्या ओदेसा प्रांताचे गव्हर्नर झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, वरचे लोक भ्रष्टाचाराला पाठीशी घालतात असा आरोप करत. देकानोइद्झे यांनीही त्याच महिन्यात पद सोडलं.

जॉर्जियात जे दोन वर्षांत झालं ते युक्रेनमध्ये का झालं नाही? मला तीन कारणं दिसतात आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. आकार हे एक. जॉर्जिया ३७ लाखांच्या आसपासचा, युक्रेन युद्धाआधी चार कोटींहून जास्त लोकांचा देश. रातोरात सगळे बदला, हे तिथे जमण्यासारखं नव्हतं. पूर्वेला २०१४ पासून लढाई सुरू होती, हे दुसरं. पण सगळ्यात जड कारण सत्तेच्या रचनेत आहे. युक्रेनमध्ये सत्ता कधीच एका हातात नव्हती. धनाढ्य उद्योगपती, त्यांच्या वाहिन्या, त्यांचे खासदार आणि त्यांच्याशी जोडलेले न्यायाधीश एकमेकांना अडवून धरायचे. त्यामुळे चांगला हुकूमही खालपर्यंत पोचत नसे. आणि त्याच रचनेमुळे वाईट हुकूमही सहज चालत नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेने नाबू आणि त्याच्या वकिलांचं कार्यालय देशाच्या मुख्य सरकारी वकिलाच्या हाताखाली आणणारा कायदा केला, तेव्हा युद्ध चालू असतानाही लोक रस्त्यावर उतरले आणि दहा दिवसांच्या आत तो कायदा फिरवावा लागला. तुमच्या कालखंडाबाहेरची घटना आहे, पण उपसंहारात ती हवीच.

म्हणून माझं मत विचाराल तर असं आहे. सामान्य माणसाला रोज छळणाऱ्या लाचेच्या बाबतीत जॉर्जिया निर्विवाद पुढे आहे, आणि वीस वर्षं ते टिकवणं ही फार मोठी गोष्ट आहे. सत्ताधाऱ्यांवर कायद्याचा हात पडू शकतो का, या बाबतीत २०१५ नंतरचा युक्रेन पुढे आहे. दोन्हींना मिळून एक गुण देण्याचा मोह मी टाळते. हे मत तुम्ही 'नियंत्रण' कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. एखादी कंपनी गुदाम उभारण्यासाठी देश निवडत असेल तर तिला पहिलं महत्त्वाचं, आणि पुढच्या पंधरा वर्षांचा अंदाज बांधायचा असेल तर दुसरं. प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात तुमची व्याख्या लिहा आणि शेवटपर्यंत तिला धरून रहा.

शक्य झालं तर आर्मेनियाची रेघही शेजारी काढा. २०१८ च्या शांततामय क्रांतीनंतर तो दोन वर्षांत ३५ वरून ४९ वर गेला. सत्ताबदलानंतर निर्देशांक असा उसळतो हे दिसलं की जॉर्जियाच्या २००४ नंतरच्या चढणीतला किती भाग नव्या सरकारबद्दलच्या आशेचा आणि किती प्रत्यक्ष बदलाचा, हा प्रश्न तुम्हाला नीट विचारता येईल. परीक्षेचा आणि पोलिसांचा तपशील असल्यामुळे जॉर्जियाच्या बाबतीत प्रत्यक्ष बदल बराच होता, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि तुमच्या चुलतभावाबद्दल. त्याचा अनुभव टाकून देऊ नका, पण पुरावा म्हणून एकट्याने उभाही करू नका. परदेशी विद्यार्थ्याचा संबंध येतो तो कॉलेजचं ऑफिस, व्हिसाची खिडकी, घरमालक आणि रस्त्यावरचा पोलिस एवढ्यांशीच. भाषा येत नाही, घाई असते, आणि त्याच्याकडे पैसे असणार हे गृहीत धरलेलं असतं. म्हणजे तो तक्त्याच्या वरच्या चार-पाच ओळींचा चांगला साक्षीदार आहे, खालच्या ओळींबद्दल त्याला काहीच सांगता येणार नाही. २०२२ नंतर युक्रेनमधून जॉर्जियात गेलेले मराठी विद्यार्थी बरेच आहेत. त्याच्याकडून आणखी काही जणांशी ओळख करून घ्या आणि सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा: कुठल्या खिडकीवर, कोणत्या वर्षी, कशासाठी, मागितले की स्वतःहून दिले. 'तिथे भ्रष्टाचार होता का' असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर प्रत्येक जण वर्तमानपत्रातून देतो. नावं गुप्त ठेवा, कॉलेजांचीही. मार्गदर्शकांची लेखी परवानगी मुलाखतींच्या आधी घ्या, कारण विषय लाचेचा आहे आणि मुलं अजून तिथेच शिकताहेत.